ई-सायकलची रेस घरी बनवता येते का? थ्रॉटल कसं चालतं आणि खरा धोका कुठे असतो?

पेट्रोलच्या जुन्या दुचाकीवर मूठ पिळली की केबल ओढली जाते, कार्बोरेटरची झडप उघडते आणि गाडी पळते. मूठ सोडली की स्प्रिंग केबलला मागे खेचते. ई-सायकलवर वरून सगळं तसंच दिसतं. तीच मूठ, तीच पिळण्याची सवय. पण आत ओढली जाणारी केबल नसते. असतात फक्त तीन बारीक वायरी आणि त्यांतल्या एका वायरीवरचा छोटासा व्होल्टेज.

हा व्होल्टेज साधारण १ पासून ४ पर्यंत वाढवला की मोटर हळूहळू वेग घेते. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या अनेकांना वाटतं, की हे घरी सहज जमेल. त्यांचं म्हणणं खरंही आहे. काही रुपयांचे रेझिस्टर, एक पोटेन्शियोमीटर किंवा आर्डुइनोचा बोर्ड घेऊन सायकल पळवणारा थ्रॉटल एका संध्याकाळी तयार होतो.

अडचण पुढे आहे. भर रस्त्यात वायर तुटली, पाणी शिरलं किंवा प्रोग्रॅम अडकला, तर हा थ्रॉटल मोटर थांबवेल की पूर्ण वेगाने पळवेल? घरगुती थ्रॉटलचा कस या एका प्रश्नावर लागतो.

थ्रॉटल मोटरला वीज देतो का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ई-सायकलची बॅटरी बहुतेक वेळा ३६ किंवा ४८ व्होल्टची असते. त्या बॅटरीतून मोटरकडे जाणारा मोठा करंट थ्रॉटलमधून जातच नाही. तो कंट्रोलर नावाच्या डब्यातून जातो. थ्रॉटल फक्त कंट्रोलरला सांगतो, की किती जोर हवा आहे.

कंट्रोलर थ्रॉटलला ५ व्होल्टच्या आसपास पुरवठा देतो. ही वायर बहुधा लाल असते. काळी वायर ग्राउंडची. तिसरी सिग्नलची, ती हिरवी, पांढरी किंवा आणखी कुठल्या रंगाची असू शकते. मूठ मोकळी असताना सिग्नलच्या वायरीवर साधारण ०.८ ते १ व्होल्ट असतो आणि पूर्ण पिळल्यावर तो ३.६ ते ४.२ व्होल्टपर्यंत जातो. रंगांवर विसंबून चालत नाही, मल्टिमीटर लावूनच खात्री करावी लागते.

मूठ मोकळी असताना सिग्नल थेट शून्य का नसतो? कारण शून्य व्होल्ट म्हणजे वायर तुटली असण्याची शक्यता. तसंच थेट ५ व्होल्ट म्हणजे कुठेतरी शॉर्ट झालं असण्याची शक्यता. दोन्ही टोकांना थोडी जागा मोकळी ठेवली, की कंट्रोलरला ‘रायडरने रेस दिली’ आणि ‘काहीतरी बिघडलं’ यांतला फरक ओळखता येतो. चांगले कंट्रोलर हा फरक ओळखतात. स्वस्तातले सगळेच ओळखतात असं नाही.

तयार थ्रॉटलच्या आत काय असतं?

एक छोटं चुंबक आणि एक हॉल सेन्सर. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या तरुण संशोधकाने १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली आणि तो वर्ख चुंबकीय क्षेत्रात ठेवला. तेव्हा वर्खाच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म व्होल्टेज तयार झाल्याचं त्याला दिसलं. हाच हॉल इफेक्ट.

आज हेच काम तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, तीन पायांची चिप करते. चुंबक फिरलं की तिच्यावरचं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि बाहेर पडणारा व्होल्टेजही बदलतो. यात कोणताही भाग दुसऱ्यावर घासत नाही, त्यामुळे झीज फार कमी होते. बाजारातल्या ई-सायकलींच्या थ्रॉटलमध्ये पोटेन्शियोमीटरऐवजी हॉल सेन्सर दिसतो तो यामुळेच.

मग घरी बनवायची गरज का पडते?

तयार थ्रॉटल काही शे रुपयांत मिळतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली अशा बाजारांत हॉल सेन्सर आणि आर्डुइनोही मिळतात. त्यामुळे निव्वळ पैसे वाचवायला थ्रॉटल बनवण्यात फारसा अर्थ नाही. कारणं वेगळी असतात.

संधिवातामुळे किंवा हाताच्या दुखापतीमुळे एखाद्याला मूठ पिळता येत नाही, त्याला अंगठ्याने दाबायचा किंवा डाव्या हाताचा थ्रॉटल हवा असतो. काही सायकली थ्रॉटलला हात लावताच झटका देऊन सुटतात, त्यांचा वेग हळूहळू वाढावा असं वाटतं. घरातल्या दुसऱ्या कुणाला सायकल देताना जोर कमी ठेवायचा असतो. आणि काहींना ही गोष्ट कशी चालते, ते स्वतःच्या हाताने करून बघायचं असतं.

या गरजांसाठी तीन मार्ग आहेत. प्रत्येकाची गंमत वेगळी आणि धोकाही वेगळा.

पहिला मार्ग : पोटेन्शियोमीटर

रेडिओच्या आवाजाचं बटण फिरवतात ना, त्याच्या मागे जो भाग असतो तोच हा. त्याला तीन पाय असतात. टोकाच्या दोन पायांना ५ व्होल्ट आणि ग्राउंड जोडलं, की मधल्या पायावर बटणाच्या स्थितीनुसार ० ते ५ व्होल्ट मिळतात.

पण कंट्रोलरला ० ते ५ नको, १ ते ४ हवं असतं. त्यासाठी १० किलोओहमच्या पोटेन्शियोमीटरच्या दोन्ही टोकांना ३.३ किलोओहमचा एकेक रेझिस्टर जोडतात. एकूण रोध होतो १६.६ किलोओहम. बटण खालच्या टोकाला असताना ५ व्होल्टचा ३.३ भागिले १६.६ इतका हिस्सा, म्हणजे जवळपास १ व्होल्ट मिळतो. वरच्या टोकाला १३.३ भागिले १६.६, म्हणजे बरोबर ४ व्होल्ट. दोन रेझिस्टरांत काम झालं.

तरी व्यवहारात तीन अडचणी येतात. पहिली, हे बटण साधारण २७० अंश फिरतं, तर अंगठ्याने दाबायचं लिव्हर जेमतेम ६० अंश हलतं. म्हणजे ३ व्होल्टच्या पट्ट्यातला पाऊण व्होल्टही वापरला जात नाही. दुसरी, बटणाला स्प्रिंग नसते. हात सोडला तरी ते आहे तिथेच राहतं. सायकलवर असं बटण लावणं म्हणजे रेस अडकवून ठेवण्यासारखंच. तिसरी, आतल्या कार्बनच्या पट्टीवर घासणारा काटा झिजतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर क्षणभर उचललाही जातो. मग मोटर गचके खाते.

टेबलावर प्रयोग करायला आणि कंट्रोलर समजून घ्यायला पोटेन्शियोमीटर उत्तम. रस्त्यावर न्यायला मात्र तो सगळ्यात कच्चा मार्ग.

दुसरा मार्ग : हॉल सेन्सर आणि चुंबक

एसएस ४९ ई नावाचा हॉल सेन्सर शौकिनांमध्ये चांगलाच परिचित आहे. त्याला ५ व्होल्ट दिले आणि जवळ चुंबक नसेल, तर तो बाहेर मधला आकडा देतो, साधारण २.५ व्होल्ट. चुंबकाचा एक ध्रुव जवळ आणला की व्होल्टेज वर जातो, दुसरा आणला की खाली येतो. लिव्हरवर चुंबक असं बसवायचं, की लिव्हर मोकळं असताना एक ध्रुव सेन्सरसमोर येईल आणि पूर्ण दाबल्यावर दुसरा.

इथे एक सापळा आहे. चुंबक फेविक्विकने चिकटवलेलं आहे आणि एखाद्या दणक्यात ते निखळून पडलं, असं समजा. सेन्सर लगेच २.५ व्होल्ट देऊ लागतो. कंट्रोलरच्या दृष्टीने हा अगदी योग्य सिग्नल आहे, अर्धी रेस. कोणताही एरर येत नाही आणि सायकल आपोआप पळू लागते.

यावरचा सोपा उपाय म्हणजे लिव्हरखाली एक मायक्रोस्विच. लिव्हर दाबलेलं असेल तेव्हाच हा स्विच जोडला जातो. हॉल सेन्सर काहीही सांगो, मायक्रोस्विच दाबलेला नसेल तर सिग्नल पुढे जाऊ द्यायचा नाही. मोटारगाड्यांचे उत्पादकही इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटरवर एकाच सेन्सरवर विश्वास ठेवत नाहीत. पेडलला दोन सेन्सर असतात. अनेक गाड्यांत दुसऱ्या सेन्सरचा आकडा पहिल्याच्या निम्मा ठेवलेला असतो. दोघांचं गणित जुळलं नाही, की गाडी जोर कमी करते. एकाची साक्ष दुसऱ्याकडून तपासून घेण्याचाच हा प्रकार.

तिसरा मार्ग : मध्ये आर्डुइनो बसवणं

आर्डुइनो हा छोटा, प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड. इटलीतल्या इव्रेया शहरातल्या एका डिझाइन संस्थेत २००५ मध्ये तो जन्माला आला, तोच मुळी इंजिनीअर नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी. थ्रॉटलच्या कामात तो मध्यस्थ बनतो. एका बाजूने थ्रॉटलचा सिग्नल वाचतो, त्यावर विचार करतो आणि दुसऱ्या बाजूने कंट्रोलरला हवा तो सिग्नल देतो.

वाचणं सोपं आहे. आर्डुइनो युनो किंवा नॅनो ० ते ५ व्होल्टचे १,०२४ भाग करून आकडा देतो. सिग्नल देणं मात्र जरा फसवं आहे. या बोर्डांना खरा २ किंवा ३ व्होल्ट बाहेर काढता येत नाही. ते पिन अतिशय वेगाने चालू-बंद करतात, बहुतेक पिनांवर सेकंदाला सुमारे ४९० वेळा. निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद म्हणजे सरासरी अडीच व्होल्ट. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात.

मीटरला ती सरासरी दिसते, पण कंट्रोलर क्षणाक्षणाला सिग्नल तपासतो. त्याला कधी शून्य दिसेल, कधी पाच. सायकल गचके देईल किंवा जागची हलणारच नाही. म्हणून मध्ये रेझिस्टर आणि कपॅसिटरचा फिल्टर लागतो. ४.७ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड ही जोडी चांगली चालते. उरलेली लहर साधारण ०.०५ व्होल्टची राहते आणि सिग्नल पाव सेकंदात स्थिरावतो.

काही जण फिल्टरऐवजी एमसीपी ४७२५ ही डिजिटलचं ॲनालॉगमध्ये रूपांतर करणारी चिप वापरतात. ती खरा व्होल्टेज देते, तोही ४,०९६ पायऱ्यांमध्ये. पण नवी चिप चालू होताच काय देते? कारखान्यातूनच तिच्यात मधला आकडा भरलेला असतो. म्हणजे ५ व्होल्टवर जोडली, तर चालू होताक्षणी अडीच व्होल्ट, पुन्हा तीच अर्धी रेस. चिपच्या कायमच्या मेमरीत आधी शून्य लिहून घेतल्याशिवाय ती सायकलला जोडणं धोक्याचं. शिवाय आर्डुइनो बंद पडला तरी ही चिप शेवटचा आकडा धरून बसते.

आर्डुइनोचा खरा फायदा वेग हळूहळू वाढवण्यात आहे. पीडब्ल्यूएमचे २५५ भाग धरले, तर १ व्होल्ट म्हणजे ५१ आणि ४ व्होल्ट म्हणजे २०४. दर २० मिलिसेकंदांनी हा आकडा जास्तीत जास्त २ ने वाढू द्यायचा. मग कुणी कितीही झटक्यात लिव्हर दाबलं, तरी शून्यापासून पूर्ण रेसपर्यंत जायला सुमारे दीड सेकंद लागेल. कमी होताना मात्र अशी मर्यादा ठेवायची नाही. लिव्हर सोडलं की आकडा तत्काळ खाली आला पाहिजे. वाढ सावकाश आणि घट लगेच, हा नियम प्रोग्रॅममध्ये दोन-चार ओळींत बसतो.

बोर्डाला वीज कुठून द्यायची, हाही प्रश्न असतोच. कंट्रोलरची ५ व्होल्टची वायर सेन्सरपुरतीच बनवलेली असते. आर्डुइनो नॅनोसारखा बोर्ड काही दहा मिलिअँपिअर घेतो, ते बहुधा चालून जातं. वायफाय असलेला ईएसपी ३२ मात्र क्षणभर काही शे मिलिअँपिअर ओढतो. त्यात त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, त्यामुळे ५ व्होल्टचा सिग्नल त्यांना थेट सोसत नाही. या कामाला साधा नॅनोच बरा.

आणखी एक खबरदारी. बॅटरीची पातळी दाखवणारे दिवे किंवा चावी असलेल्या थ्रॉटलमध्ये तीनपेक्षा जास्त वायरी असतात. त्यांतल्या एखादीवर बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज असू शकतो. ४८ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असताना ५४ व्होल्टच्या पुढे जाते. ती वायर चुकून आर्डुइनोला लागली, की बोर्ड क्षणात जळतो.

वायर तुटली तर काय होतं?

हँडलजवळच्या वायरी प्रत्येक वळणावर वाकतात. महिनोन्‌महिने वाकून त्या आतून तुटतात, वरून मात्र धडधाकट दिसतात. म्हणून तिन्ही वायरींचा वेगवेगळा विचार करावा लागतो.

लाल वायर तुटली तर सेन्सरचा पुरवठा बंद होतो, सिग्नल शून्यावर येतो, मोटर थांबते. हा सुरक्षित बिघाड.

सिग्नलची वायर तुटली तर पुढची पिन अधांतरी राहते आणि आसपासचा गोंगाट पकडून काहीही आकडा दाखवते. यावर उपाय म्हणजे पुल-डाउन रेझिस्टर. सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये, वाचणाऱ्या बाजूला, १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला, की तुटलेली वायर शून्य वाचली जाते. खर्च जवळजवळ नाहीच.

सगळ्यात वाईट म्हणजे काळी वायर तुटणं. ग्राउंडच नाही म्हटल्यावर सिग्नल खाली ओढणारं कुणी उरत नाही आणि तो ५ व्होल्टच्या दिशेने वर चढतो. हॉल सेन्सर असो वा पोटेन्शियोमीटर, दोन्हीत हेच घडतं. कंट्रोलरने हा आकडा बिघाड म्हणून ओळखला तर ठीक, नाही तर सायकल पूर्ण रेसवर सुटते. लिव्हर सोडून काहीही उपयोग होत नाही.

आर्डुइनो मध्ये असेल तर त्याला हे ओळखायला शिकवता येतं. समजा, थ्रॉटलचा प्रत्यक्ष मोजलेला सिग्नल ०.८ ते ४.२ व्होल्ट आहे. मग ०.५ च्या खाली किंवा ४.५ च्या वर काही आलं, की तो बिघाड मानून बाहेर शून्य द्यायचं. १,०२४ भागांच्या हिशेबात हे आकडे साधारण १०२ आणि ९२१ होतात. आणि एकदा बिघाड दिसला, की लिव्हर पूर्ण मोकळं झाल्याशिवाय पुन्हा रेस द्यायचीच नाही. लूज कॉन्टॅक्टमुळे वायर क्षणभर जोडली जाऊन सायकल झटका देऊ नये, म्हणून ही अट.

पण आर्डुइनो आणि कंट्रोलर यांच्यामधली ग्राउंडची वायरच तुटली तर? तिथे प्रोग्रॅम काही करू शकत नाही. म्हणून तो जोड सोल्डर केलेला, हीट-श्रिंक स्लीव्ह घातलेला आणि क्लिपने बांधलेला हवा. नुसत्या पिळून टेप मारलेल्या वायरी तिथे चालत नाहीत.

प्रोग्रॅम अडकला तर?

मोबाइल हँग होतो तसा आर्डुइनोही अडकू शकतो. यात एक बारकावा लक्षात येत नाही. प्रोग्रॅम थांबला तरी पीडब्ल्यूएम थांबत नाही. ते काम चिपमधला वेगळा टायमर करत असतो. त्यामुळे बोर्ड अडकण्याच्या क्षणी रेस ३ व्होल्टवर असेल, तर ती तिथेच राहते.

यासाठी चिपमध्येच वॉचडॉग नावाची सोय असते. नावाप्रमाणे हा राखणदार. प्रोग्रॅमने ठरावीक वेळात ‘मी जागा आहे’ असं सांगितलं नाही, तर तो बोर्ड रिसेट करतो. ही मुदत २५० मिलिसेकंद ठेवता येते.

रिसेट झाल्यावर पिन अधांतरी होते, पण फिल्टरच्या कपॅसिटरमध्ये आधीचा व्होल्टेज साठलेला असतो. तो लवकर रिकामा व्हायला हवा. त्यासाठी ४.७ किलोओहमचा आणखी एक रेझिस्टर आर्डुइनोच्या पिनेपासून ग्राउंडला, म्हणजे फिल्टरच्या आधी लावायचा. तिथे लावल्याने नेहमीच्या सिग्नलमध्ये काही घट होत नाही. पिन सुटली की मात्र कपॅसिटर या वाटेने वेगाने रिकामा होतो आणि सिग्नल अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येतो. बोर्ड पुन्हा सुरू होईपर्यंत हाच रेझिस्टर सिग्नल शून्यावर धरून ठेवतो.

ब्रेकची वायर मधून का न्यायची नाही?

बऱ्याच ई-सायकलींच्या ब्रेक लिव्हरमध्ये एक स्विच असतो. ब्रेक दाबला की तो कंट्रोलरला मोटर बंद करायला सांगतो. स्प्रिंग तुटून लिव्हर दाबलेलंच अडकलं, तर सिग्नल सर्वार्थाने योग्य दिसतो. मायक्रोस्विचही दाबलेला, व्होल्टेजही मर्यादेत. अशा वेळी वाचवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे हा ब्रेकचा स्विच.

म्हणून त्याची वायर थेट कंट्रोलरलाच गेली पाहिजे. ‘ब्रेकही आर्डुइनोला जोडू, त्यावरून दिवाही लावू’ हा मोह टाळावा. ज्या यंत्राच्या बिघाडापासून वाचायचं, त्याच यंत्रातून वाचवणारी वायर नेण्यात अर्थ नसतो. सायकलला असा ब्रेक स्विच नसेल, तर घरगुती थ्रॉटलच्या आधी तो बसवावा.

दुसरी सोय म्हणजे थ्रॉटलच्या ५ व्होल्टच्या लाल वायरीत, अंगठ्याच्या टप्प्यात येणारा एक बंद-चालू स्विच. तो बंद केला की सेन्सर आणि बोर्ड दोघांचाही पुरवठा जातो आणि सिग्नल शून्यावर येतो. ग्राउंड तुटल्यामुळे सिग्नल वर चढला असला, तरी हा स्विच त्याचं मूळच तोडतो.

आणि पाऊस?

पावसात भिजलेल्या थ्रॉटलमध्ये लाल आणि सिग्नलच्या वायरींमध्ये ओलाव्याची वाट तयार होते. पावसाच्या पाण्यात धूळ, घाम आणि क्षार मिसळले, की त्यातून थोडी वीज वाहते आणि सिग्नल हळूच वर सरकतो. कोकणात चार महिने उघड्यावर लावलेल्या सायकलीला हा धोका जास्त. पुल-डाउन रेझिस्टर काही प्रमाणात इथेही मदत करतो, कारण ओलाव्यातून येणारा क्षीण करंट तो ग्राउंडकडे वळवतो. तरी बोर्ड बंद डब्यात, वायरींची तोंडं खाली आणि जोडांवर सिलिकॉन, हे उपाय हवेतच.

चाचणी कशी करायची?

थ्रॉटल चालतो का, हे बघायला एक मिनिट पुरतं. तो बिघडल्यावर थांबवतो का, हे बघायला वेळ द्यावा लागतो. क्रम साधारण असा असावा:

- आधी कंट्रोलर न जोडता, वेगळ्या ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर मल्टिमीटरने सिग्नल मोजावा. लिव्हर मोकळं, अर्धं आणि पूर्ण दाबलेलं, असे तीन आकडे लिहून ठेवावेत.
- मग मोटर असलेलं चाक हवेत राहील अशी सायकल पक्की उभी करावी. हात, कपडे आणि लहान मुलं चाकापासून लांब.
- चाक हळू फिरत असताना लाल, काळी आणि सिग्नल, अशी एकेक वायर काढून बघावी. प्रत्येक वेळी मोटर थांबलीच पाहिजे.
- प्रोग्रॅममध्ये मुद्दाम न संपणारा लूप टाकून बोर्ड अडकवावा आणि वॉचडॉग मोटर थांबवतो का, ते पाहावं.
- लिव्हर दाबून धरलेलं असताना सायकल चालू करावी. मोटर फिरता कामा नये.
- पूर्ण रेसवर ब्रेक दाबावा. मोटरचा जोर तत्काळ तुटला पाहिजे.
- हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, वायरी हलवून सिग्नल स्थिर राहतो का, ते मीटरवर पाहावं.

यांतली एकही चाचणी नापास झाली, तर ती सायकल रस्त्यावर न्यायची नाही.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेलं बॅटरीवरचं वाहन ‘मोटार वाहन’ मानलं जात नाही. पेडल असिस्ट सायकलींसाठी आणखी एक अट आहे. वेग ताशी २५ किलोमीटरला पोचला, किंवा त्याआधीच पेडल मारणं थांबलं, की मोटरचा जोर बंद झाला पाहिजे. मात्र ही सूट आपोआप मिळत नाही. पुण्यातल्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने वाहन तपासलेलं असावं लागतं.

घरी थ्रॉटल बसवलेली सायकल अशी तपासलेली नसते. पेडल असिस्ट म्हणून मान्यता मिळालेल्या सायकलला थ्रॉटल लावला, तर पेडल न मारताही ती चालते, म्हणजे मान्यतेची अटच मोडते. वेग किंवा शक्ती मर्यादेपलीकडे गेली, तर नोंदणी, लायसन्स आणि विमा, सगळंच लागू होतं. अपघात झाला तर हा मुद्दा आणखी गंभीर बनतो.

बाहेरच्या देशांतही नियम सारखे नाहीत. युरोपीय संघात साध्या ई-सायकलला मोटरचा जोर पेडल मारतानाच मिळावा, अशी अपेक्षा असते. अमेरिकेत मात्र ७५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी ३२ किलोमीटरच्या आतल्या सायकलींना केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत थ्रॉटल चालतो. त्यामुळे परदेशातला व्हिडिओ बघून ‘तिकडे चालतं’ एवढ्यावर भागत नाही.

मग बनवावा की नाही?

ज्याला सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर वापरता येतो आणि वरच्या सगळ्या चाचण्या करण्याइतका धीर आहे, त्याच्यासाठी हा शिकण्यासारखा प्रयोग आहे. त्यातही मधला मार्ग सगळ्यात शहाणपणाचा. लिव्हर, स्प्रिंग आणि चुंबक हे यांत्रिक भाग तयार थ्रॉटलमधलेच ठेवायचे आणि फक्त सिग्नल सुधारण्यासाठी मध्ये छोटा बोर्ड बसवायचा. लिव्हर परत आणणारी स्प्रिंग घरी बनवणं हे प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

फक्त जुना थ्रॉटल खराब झाला असेल, तर नवा विकत घेणंच बरं. आणि ज्याला हाताच्या त्रासामुळे वेगळा थ्रॉटल हवा आहे, त्याच्यासाठी तो बनवणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते. कारण ऐन वेळी झटकन ब्रेक दाबणं त्या माणसाला इतरांपेक्षा कठीण जाऊ शकतं.

पेट्रोलच्या गाडीत रेस परत आणायला स्प्रिंग होती. ती डोळ्यांना दिसायची, हाताला जाणवायची. ई-सायकलमध्ये लिव्हरची स्प्रिंग फक्त लिव्हर परत आणते. सिग्नलला शून्यावर परत आणणारी ‘स्प्रिंग’ म्हणजे काही रेझिस्टर, एक वॉचडॉग आणि ब्रेकची एक वेगळी वायर. थ्रॉटल घरी बनवताना आधी जमवायची ती हीच.